स्तनाचा कर्करोग : देश बदलला की काय बदलते?

फ्रान्समधल्या ल्यों शहरात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आहे. कोणत्या देशात कोणता कर्करोग किती, याचे अंदाज ती दर काही वर्षांनी प्रसिद्ध करते. तिच्या 2022 सालच्या तक्त्यातल्या भारत आणि अमेरिका या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, की माणूस बुचकळ्यात पडतो. लोकसंख्येतल्या वयाचा फरक हिशेबातून काढून टाकला, तर अमेरिकेत दर एक लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे 95 जणींना स्तनाचा कर्करोग होतो आणि भारतात सुमारे 27 जणींना. मृत्यूंचा आकडा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, 12 ते 14. आजार साडेतीन पटींनी कमी आणि मरण तेवढेच. त्या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा आजार झाल्याचे कळले आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने गेल्या.

जगभरच्या कर्करोग नोंदणी केंद्रांची माहिती एकत्र करून 2018 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2010 ते 2014 या काळात निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण त्यात दिले आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ते 90 टक्क्यांच्या आसपास, तर भारतात 66 टक्के.

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर येते, की आपल्या बायकांना होणारा कर्करोगच जहाल असतो. हे उत्तर पूर्ण खोटे नाही. पण त्याच्या आडोशाला बऱ्याच गोष्टी लपतात, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या हातातल्या आहेत. म्हणून या फरकातला किती भाग शरीराचा, किती प्रयोगशाळेचा आणि किती रुग्णालयापर्यंतच्या वाटेचा, हे सुटे करून पाहायला हवे.

आधी आजार होण्याचे प्रमाण पाहू. हा फरक देशांच्या सीमेवर सुरू होत नाही. महाराष्ट्रातच बघा. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासून चालू आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाने 1987 साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू केली. बार्शीच्या खेड्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघत आले आहे. खुद्द मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये ते इतरांपेक्षा जास्त असल्याचे डॉ. द. जे. जस्सावाला यांच्या पिढीतल्या संशोधकांनीच दाखवून दिले होते. एकच शहर, तीच हवा, तेच पाणी, पण लग्नाचे वय, मुलांची संख्या आणि पहिले मूल होण्याचे वय वेगळे.

या धाग्याचे टोक फार जुने आहे. इटलीतल्या पाडुआचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते, की मठातल्या जोगिणींमध्ये हा आजार जास्त दिसतो. ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन या डॉक्टर संशोधिकेने 1926 साली कर्करोग झालेल्या 500 आणि न झालेल्या 500 स्त्रियांची तुलना केली. मूल नसणे, कमी मुले असणे, लग्न उशिरा होणे या गोष्टी त्यातही पुढे आल्या. मग 2002 साली 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे 7 टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक वर्षामागे आणखी सुमारे 4 टक्क्यांनी उतरतो, असे त्यातून निघाले. आपल्या खेड्यातल्या आजीला पाच-सहा मुले झाली, प्रत्येकाला तिने दीड-दोन वर्षे पाजले. तिच्या नातीला एक मूल तिशीनंतर होते आणि नोकरीमुळे चार महिन्यांत वरचे दूध सुरू होते. यात नातीचा दोष काढायचे काहीच कारण नाही. शिकून, कमावून आयुष्य घडवणाऱ्या स्त्रियांच्या पिढीत हा धोका वाढतो, हे जगात सगळीकडे झाले आहे. तेव्हा त्या पिढीसाठी तपासणीची सोय उभी करणे हे समाजाचे काम आहे.

वंशाचा वाटा किती, याची परीक्षा स्थलांतराने घेतली. जपानमध्ये हा आजार कमी होता. जपानी कुटुंबे अमेरिकेत गेली, तशी पिढीगणिक त्यांच्या लेकी-नातींमधली संख्या तिथल्या गोऱ्या स्त्रियांच्या जवळ सरकली. औषधांच्या सवयीनेही आकडा हलतो. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेण्याची अमेरिकेत मोठी प्रथा होती. 2002 साली एका मोठ्या चाचणीत त्यांचा धोका उघड झाला आणि लाखो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढच्याच वर्षी तिथले स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे 7 टक्क्यांनी घसरले.

आता वय. भारतीय स्त्रीला हा आजार पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा दहा वर्षे आधी होतो, हे वाक्य प्रत्येक ऑक्टोबर महिन्यात कुठे ना कुठे छापून येते. अमेरिकेत निदानाचे मधले वय 62 आहे आणि आपल्याकडे ते 50 च्या आसपास, हे खरेच आहे. पण त्यावरून तरुण भारतीय स्त्रीला तरुण अमेरिकन स्त्रीपेक्षा जास्त धोका आहे असे समजले, तर चूक होईल. चाळिशीतल्या एक लाख स्त्रिया इथल्या आणि तितक्याच तिथल्या घेतल्या, तर आजार तिथेच जास्त निघतो. फरक आहे तो वयस्कांच्या संख्येचा. अमेरिकेत पासष्टी ओलांडलेले लोक शंभरात 17 च्या आसपास, आपल्याकडे सात. त्यात आपल्या आजच्या सत्तरीतल्या बायकांनी लवकर आणि अधिक मुले जन्माला घातलेली, त्यामुळे त्यांच्यात हा आजार कमी. वरच्या वयाच्या रुग्ण थोड्या, म्हणून मधले वय खाली येते. जपान आणि कोरियातही चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णांचे प्रमाण असेच मोठे राहिले आहे.

अर्थात घरातल्या बाईला पंचेचाळिसाव्या वर्षी कर्करोग झाला, तर तिला हे गणित सांगून काही उपयोग नाही. मुले शाळेत असतात, सासू-सासरे तिच्यावर अवलंबून असतात, पगार तिचा असतो. या वयाचा एक वैद्यकीय परिणामही आहे. तरुण स्तनातल्या ग्रंथी दाट असतात. मॅमोग्राफीच्या फिल्मवर दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळे गाठ नजरेतून सुटू शकते. जपानने यावर स्वतःचा उपाय शोधला. चाळिशीतल्या सुमारे 73 हजार स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या जणींना मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी दिली. 2016 साली निकाल आला. नुसत्या मॅमोग्राफीने 77 टक्के कर्करोग पकडले गेले, दोन्ही मिळून 91 टक्के. युरोपातली पद्धत जशीच्या तशी न उचलता आपल्या स्त्रियांचे शरीर पाहून नियम बसवायचा, ही जपानची रीत मला फार मोलाची वाटते.

आणि जहालपणाचे काय? स्तनाचा कर्करोग हा एक आजार नसून अनेक आजारांना मिळालेले एक नाव आहे. गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन या हार्मोनचे ग्राहक म्हणजे रिसेप्टर असतील तर ती ईआर पॉझिटिव्ह, प्रोजेस्टेरॉनचे असतील तर पीआर पॉझिटिव्ह. हर-टू नावाचे प्रथिन अतोनात असेल तर ती हर-टू पॉझिटिव्ह. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. हा शेवटचा प्रकार झपाट्याने वाढतो आणि हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्या किंवा हर-टूवरची औषधे त्यावर चालत नाहीत. पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण 10 ते 15 टक्के सांगतात, भारतातल्या अभ्यासांत ते 25 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते.

यात वंशाचा हात असल्याचा भक्कम पुरावा आफ्रिकेतून आला. डॉ. लिसा न्यूमन या अमेरिकन शल्यविशारद अनेक वर्षे घाना आणि इथिओपियातल्या रुग्णांचा अभ्यास करत आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या घानात ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण खूपच मोठे आहे, तर पूर्वेकडच्या इथिओपियात ते बरेच कमी. गुलामांच्या व्यापारात अमेरिकेत नेलेले लोक मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतले होते, आणि आजच्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांमध्येही हा प्रकार गोऱ्या स्त्रियांच्या दुपटीच्या घरात आढळतो. न्यूमन यांच्या गटाने याचा संबंध डफी या रक्तगटाच्या जनुकातल्या एका बदलाशी जोडून पाहिला आहे. हा बदल पश्चिम आफ्रिकेत हजारो वर्षे टिकला, कारण तो एका प्रकारच्या मलेरियापासून वाचवतो.

भारताच्या आकड्यात मात्र वंशाखेरीज आणखी दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली वर आलीच. वयस्क स्त्रियांच्या गाठी बहुधा ईआर पॉझिटिव्ह असतात आणि तशा रुग्ण आपल्याकडे थोड्या, म्हणून टक्केवारीत ट्रिपल निगेटिव्हचा वाटा फुगतो. दुसरी गोष्ट गाठ टिकवणाऱ्या फॉर्मलीनच्या बरणीत आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

स्तन किंवा गाठ शरीराबाहेर आली, की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशींतली प्रथिने खराब होऊ लागतात. म्हणून तासाभराच्या आत ती 10 टक्के बफर केलेल्या फॉर्मलीनमध्ये जायला हवी, तीही काप देऊन, कारण फॉर्मलीन आत मुरते ते तासाला एखादा मिलीमीटर या गतीने. कैरीची फोड मोठी राहिली तर लोणच्याचे मीठ आतपर्यंत पोचत नाही आणि फोड मधून सडते, तसे इथेही होते. मग किमान सहा तास आणि जास्तीत जास्त तीन दिवस ती त्या द्रावणात राहावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आता तालुक्याच्या गावातले छोटे शस्त्रक्रियागृह डोळ्यांपुढे आणा. शनिवारी दुपारी ऑपरेशन होते. अख्खा स्तन न कापता अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबला जातो, कधी फॉर्मलीन संपले म्हणून नुसत्या सलाइनमध्ये ठेवला जातो. नातेवाइकांच्या हातात बरणी देऊन सांगतात, सोमवारी जिल्ह्याच्या लॅबमध्ये नेऊन द्या. लॅबपर्यंत पोचेतो ग्राहकांची ओळख पटवणारी प्रथिने विरघळून गेलेली असतात. तपासणाऱ्याला ती दिसत नाहीत आणि रिपोर्टवर निगेटिव्ह असे उमटते.

त्या एका शब्दाने पुढची पाच वर्षे बदलतात. ईआर पॉझिटिव्ह रुग्णाला टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी मिळते. ती स्वस्त आहे, घरी बसून घ्यायची आहे आणि ती आजार उलटण्याचा धोका मोठ्या प्रमाणात कमी करते. रिपोर्ट चुकला तर ही गोळी तिला मिळतच नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या विकृतिशास्त्रज्ञांनी आपल्याच प्रयोगशाळेच्या काही वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गाठ टिकवण्याची पद्धत सुधारत गेली तशी ईआर पॉझिटिव्ह निघणाऱ्या स्त्रियांची टक्केवारी वाढत गेल्याचे दिसले. आपल्या जहाल कर्करोगाचा काही भाग बरणीत तयार होतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

तरीही सर्वांत मोठा फरक टप्प्याचा आहे. श्रीमंत देशांत बहुतेक गाठी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडतात. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत निम्म्या किंवा त्याहून जास्त स्त्रिया तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात, काखेत गाठी आणि कातडीवर जखम घेऊन. गाठ दुखत नाही म्हणून बाई ती अंगावर काढते. लेकीचे लग्न होऊ दे, सुगी संपू दे, दिवाळी उरकू दे. दुखत नाही म्हणजे साधी असेल, हा समज या आजारात जिवावर बेततो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच.

ब्रिटनमध्ये 50 ते 70 वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचे बोलावणे घरी येते. अमेरिकेत 2024 पासूनची शिफारस 40 ते 74 वयात दर दोन वर्षांनी. भारतात 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्यांचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी निघाले. पाश्चात्त्य देशांच्या आकड्यांतही थोडी सूज आहे, हे न्यायाने सांगायला हवे. सरसकट तपासणीत अशाही गाठी सापडतात ज्या त्या स्त्रीला जन्मभर त्रास देणार नव्हत्या, आणि त्यांच्यामुळे तिथल्या हयातीचे प्रमाण जरा वाढीव दिसते. पण भारताशी असलेली दरी एवढ्याने भरून निघत नाही.

मग आपण खेडोपाडी मॅमोग्राफीची यंत्रे नेऊन बसवायची का? मुंबईने याचे उत्तर वीस वर्षे खपून शोधले. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 1998 साली मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजार 538 स्त्रियांना घेऊन चाचणी सुरू केली. काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी करत. बोटांच्या पेरांनी सगळा स्तन, मग काख, मग स्तनाग्र. यंत्र नाही, वीज नाही. सोबत गर्भाशयमुखाची तपासणी आणि आजाराची माहिती. निकाल 2021 साली आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्ण 37 टक्के होत्या, इतर वस्त्यांत 47 टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र तशी घट दिसली नाही आणि सगळ्या वयांची मिळून 15 टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. एवढे मान्य करूनही मी म्हणेन, की ज्या देशात आशाताई गावागावांत पोचल्या आहेत, त्या देशासाठी याहून कामाचा पुरावा दुसरा नाही. तो कागदावर पडून राहणे परवडणारे नाही.

उपचारांतही देश दिसतो. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी 1970 च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांनी सिद्ध केले, की लवकर सापडलेल्या आजारात गाठ तेवढी काढून नंतर किरणोपचार दिले, तर स्त्री तितकीच जगते जितकी अख्खा स्तन काढल्यावर. तरीही आपल्याकडे बहुसंख्य स्त्रियांचा स्तन काढला जातो. कधी गाठ फार वाढलेली असते म्हणून, आणि कधी किरणोपचाराचे यंत्र दोनशे किलोमीटरवर असते म्हणून. किरणोपचाराचा शेक घ्यायला पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावे लागे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहून परळच्या टाटा रुग्णालयात फेऱ्या मारणाऱ्या कुटुंबांना विचारा, एकेक आठवडा म्हणजे बुडालेली मजुरी, शेजाऱ्यांकडे ठेवलेली मुले आणि गावाकडे राहिलेली गुरे. म्हणून ब्रिटनमधल्या चाचण्यांचा खरा लाभ ब्रिटनपेक्षा आपल्यालाच जास्त आहे. त्यांनी पाच आठवड्यांचे तीन केले, आणि 2020 साली निवडक रुग्णांसाठी पाच दिवसांत शेक पुरा करता येतो, हे दाखवले.

औषधांचेही तेच. हर-टू पॉझिटिव्ह आजाराचे चित्र पालटणारे ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत 1998 साली आले. त्याचे वर्षभराचे डोस आपल्या मध्यमवर्गालाही घर विकायला लावतील, इतके महाग होते. बंगळूरच्या बायोकॉनने मायलनबरोबर केलेल्या त्याच्या जैवसमतुल्य औषधाला भारतात 2013 साली परवानगी मिळाली आणि 2017 साली ते अमेरिकेतही मंजूर झाले. 2012 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधल्या रुग्णालयांनी 40 औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा किमती 23 ते 99 टक्क्यांनी खाली आल्या. आणि 2023 साली बडवे यांच्या गटाने दाखवले, की ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचले, तर सहा वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर जाते. दात काढताना हिरडीत टोचतात तेच हे औषध. भारतातल्या 11 रुग्णालयांत ही चाचणी झाली.

अमेरिकेकडे पाहतानाही तिथली सरासरी फसवी आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हा आजार गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्याने होणारे मृत्यू सुमारे 40 टक्क्यांनी जास्त आहेत. ट्रिपल निगेटिव्हने याचा काही भाग उलगडतो. पण ईआर पॉझिटिव्ह आजारातही ही दरी आहे, आणि तिथे विमा, उशिरा झालेले निदान आणि अर्धवट सुटलेले उपचार हीच कारणे समोर येतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातही बार्शी आणि मुंबई असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांपुढे तीन उद्दिष्टे ठेवली आहेत. 60 टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात. रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून 60 दिवसांत निदान पुरे व्हावे. आणि किमान 80 टक्के रुग्णांचे उपचार अर्ध्यावर न सुटता पूर्ण व्हावेत. या तिन्हींत वंश कुठेच नाही.

तेव्हा वाचकांना, विशेषतः घरातल्या पुरुषांना, एवढे सांगणे आहे. आई, बायको, बहीण स्तनातल्या किंवा काखेतल्या गाठीबद्दल बोलली, स्तनाग्रातून रक्तासारखे पाणी येते म्हणाली, किंवा कातडी ओढली गेल्याचे दिसले, तर दुखते का, हे विचारत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. गाठ कापायच्या आधी सुईने बायोप्सी होईल ना, ते विचारा. ऑपरेशन झाले तर गाठ फॉर्मलीनमध्ये कधी घातली आणि लॅबकडे कधी गेली, हे विचारायला संकोचू नका. रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्हींचा निकाल आहे का, ते स्वतः वाचा. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधीच गाठा, कारण कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार या योजनेत बसतात.